मादागास्करच्या रानात बैल बसवले

मादागास्करहून परत आले, त्या आठवड्यात निमगाव केतकीच्या बाजारात पावशेर मिरच्या घ्यायला मला दोन तास लागले. जो तो थांबवून विचारत होता. कुणाला तिथं सिंह असतात का ते हवं होतं (नसतात), कुणाला तिथली माणसं काय खातात ते (सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात). आमच्या शेजारच्या तात्यांनी मात्र अवघड प्रश्न टाकला, "एवढं पिकाचं बेट हाय म्हंतीस, मग लोकं गरीब कशी?" तात्यांना उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले. लिहिताना माझी स्वतःची एक मोठी चूक मधे आली, तीही गाळलेली नाही.

आधी माझ्याविषयी. निमगाव आणि वरकुट्याच्या मधे आमची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, कोबी, झेंडू, ज्याला जे हवं त्याची रोपं आम्ही ट्रेमध्ये वाढवून देतो. सासर बागायतदाराचं, माहेर मेंढरांचं. मी बारा वर्षांची होईपर्यंत वडिलांचा कळप होता, मग त्यांनी मेंढरं विकली आणि जमीन धरली. मी गर्विष्ठ आहे, हेही सांगून टाकते. मुरमाड रानावर उजनीचा गाळ ओढून आणून, ठिबक टाकून जिथं डाळिंबाची बाग उभी केली, त्या तालुक्याची मी आहे. आमच्याकडं पाहुणे आले की मी त्यांना देवाआधी शेततळी दाखवते.

माझी मुलगी अश्विनी, घरी आशू, जनावरांची डॉक्टर आहे. एका संस्थेनं तिला दोन वर्षांसाठी मादागास्करला पाठवलं, गावोगाव जनावरांना लस टोचायला. ती म्हणाली, "आई, एकदा येऊन बघच." सासूबाई म्हणाल्या, पितृपक्षात कुणी समुद्र ओलांडतं का. नवरा म्हणाला, "जा तू, रोपांचं मी बघतो." विमानाचा प्रवास कसा झाला ते सांगत नाही. माझे पाय सुजले, एवढंच त्यातलं सांगण्यासारखं.

तानाहून दक्षिणेला

राजधानीचं नाव मोठं लांबलचक आहे, तिथले लोक नुसतं ताना म्हणतात. डोंगरउतारावर एकावर एक चढलेली घरं, आणि मधोमध तळ्याभोवती नीलमोहर असा फुललेला, की पाणीसुद्धा जांभळं दिसत होतं. आशू विमानतळावर टोपी घालून उभी होती. रापलेली, वाळलेली. मी म्हणाले, "काय ग ही दशा?" ती म्हणाली, "आई, अजून पिशवी बी खाली ठिवली न्हाईस." तिथंच विमानतळाच्या फाटकाशी एक म्हातारा येऊन तिच्याशी तिथल्या भाषेत बोलायला लागला. त्याच्या गाईचं काहीतरी दुखत होतं. आशूनं त्याला अर्धा तास दिला. माझी पोर परक्या मुलखात, परक्या भाषेत, एका परक्या माणसाच्या गाईचा विचार करत होती, आणि मी सुजलेल्या पायांनी बाजूला उभी राहून तिच्याकडे बघत होते. त्या अर्ध्या तासासाठीसुद्धा मी एवढ्या लांब गेले असते.

तिच्या गावापर्यंत जायला दोन दिवस लागले. वाहन म्हणजे आपलं वडापच. टपावर सायकली, गाद्या, कोंबड्यांची खुराडी, आत जेवढी बसतील त्याहून चार माणसं जास्त. खड्डा आला की सगळे एकदम उडतात, एकदम हसतात आणि म्हणतात, "मुरामुरा." म्हणजे सावकाश. घाई करणाऱ्याला तिथं असंच समजावतात.

देश आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. आणि काय नाही तिथं! दर थांब्यावर बायका टोपल्या घेऊन खिडकीशी येत होत्या. एका ठिकाणी गाजरं, पुढं स्ट्रॉबेरी, त्याच्या पुढं पीच, मग उकडलेली कणसं. किनाऱ्याकडं लवंग आणि व्हॅनिला होतो, आणखी खाली गेलं की जमिनीत नीलम सापडतात, असं आशू सांगत होती. मी सगळ्यातलं थोडंथोडं घेत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, ही जमीन आमच्या इंदापूरकराच्या हातात द्या, मग बघा.

मग दुसरंही दिसायला लागलं. रस्त्याकडेला एक बाई मांडी घालून बसली होती. समोर दगडांचा ढीग, हातात हातोडी. दगडाची खडी करत होती. पुढं तशीच दुसरी. मग मी मोजायचं सोडून दिलं. डोंगर जळून काळे पडलेले. गवताला कोंब फुटावेत म्हणून पेटवतात. जिथं झाडं गेलीत, तिथं उतार खचून मोठमोठ्या तांबड्या घळी पडल्या आहेत. नद्या विटकरी रंगानं वाहतात. आमच्याकडं ट्रॅक्टरनं गाळ आणायला माणसं रांग लावतात, आणि इथं आख्खा देशच रोज थोडा थोडा समुद्रात चालला होता. मी आशूला म्हणाले, "ह्यांना बांधबंदिस्ती कुणी शिकिवली न्हाय का?" तिनं खिडकीची काच ओढून घेतली. तिला माझा सूर आवडला नव्हता.

अंबोहिमेना

अंबोहिमेना म्हणजे तांबड्या टेकडीचं गाव. मातीची उंच, दुमजली घरं. खाली कोंबड्या आणि सामान, वर माणसं, आणि चूल सगळ्यात वर. आशूनं एक खोली घेतली होती ती व्होला नावाच्या बाईच्या घरात. व्होला माझ्याच वयाची, विधवा. दोन मुली लग्न होऊन लांबच्या गावी गेलेल्या. दोन बैल, खालच्या ओढ्याकाठी भाताची एक पट्टी आणि टेकडीवर चढणीचं एक रान, एवढा तिचा संसार.

तिनं मला पहिल्या दिवसापासून "नेनी" म्हणायला सुरुवात केली. नेनी म्हणजे आई. मी आशूला म्हणाले, "माझ्याच वयाची, आणि मला आई म्हणतीया?" आशू म्हणाली, "माझी आई म्हणून. मान हाय त्यो, घे." व्होला जे बोलायची ते आशू मला आपल्या बोलीत सांगायची, त्यामुळं माझ्या आठवणीतली व्होला अस्सल वरकुट्याची होऊन बसली आहे. तशीच लिहिते.

जेवण म्हणजे भाताचा डोंगर आणि शेजारी अंगठ्याएवढी भाजी. भात झाल्यावर पातेल्याच्या बुडाशी जी खरपुडी लागते, तीत पाणी ओतून उकळतात आणि तेच प्यायला देतात. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवशी मागून घेतलं. मी नेलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापून दाखवली तेव्हा सगळी आळी बघायला जमली. व्होलानं एक घास घेतला आणि चावत राहिली. गिळताही येईना, पाहुणीसमोर थुंकताही येईना. शेवटी मीच म्हणाले, "टाक ग बाई." शेंगदाण्याच्या चटणीनं मात्र बाजी मारली. शेंगा तिथंही होतात, पण लसूण घालून कुटायचं कुणाला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की आम्हाला भात वाढून व्होला चुलीमागं जाऊन वेगळंच काही खाते. मी मागोमाग गेले. उकडलेला कसावा होता, आपण ज्याचा साबुदाणा करतो ते कंद. मी शेजारी बसले आणि तिच्या भांड्यातला एक तुकडा उचलला. तिनं माझ्या हातावर चापटी मारली. खरीखुरी, लागणारी.

"पाव्हणीला कसावा चारला आसं गाव म्हनंल," ती म्हणाली.

आशूनं मग सांगितलं, जुना तांदूळ संपत आलाय, नवा यायला अजून पाच महिने आहेत. पाऊस पडून डोंगर हिरवेगार होतात, तेव्हा तर घराघरात सगळ्यात जास्त उपासमार असते. हिरव्या गवताचे दिवस, असंच त्या भुकेच्या दिवसांना तिथं म्हणतात. हिरवं दिसलं की पोट भरलं, एवढंच मला आजवर ठाऊक होतं.

मी व्होलाला विचारलं, कमी काय पडतं तुमाला?

"पाऊस येतो, पर माती घिऊन जातो," ती म्हणाली. "आंबा लागतो, पर हितवर माल न्यायला गाडी येत न्हाय. झाडाखाली कुजतो. वरच्या रानात खत न्यायचं तर डोक्यावर टोपली घिऊन चढायचं. किती टोपल्या चढू?"

आमच्याकडं टोमॅटो लाल व्हायच्या आधी टेम्पो बांधावर उभा असतो. हे मी तिला मोठ्या अभिमानानं सांगितलं. टेम्पो जिथवर येतो तो रस्ता मी बांधलेला नाही आणि कालवाही मी खणलेला नाही, हे सांगायचं मात्र राहिलं.

खड्ड्यातलं सोनं

गावाच्या मधोमध, घरांनी वेढलेला एक मोठा खड्डा होता. पुरुषभर खोल, कडेनं दगडांनी बांधलेला. सगळ्या गावाची जनावरं संध्याकाळी त्यात उतरत आणि तोंडावर लाकडं सरकवली जात. जनावरं बघून मला माहेर भेटल्यासारखं झालं. वशिंड, लांब शिंगं, पाणीदार डोळे. आपल्या खिलारची भावंडंच. व्होलाचा एक बैल तांबडा, एक कबरा. ती त्यांच्याशी बोलायची. भाताचं खाचर तुडवायला तिथं बैलच लागतात. चिखलात गोल गोल फिरवून जमीन लोण्यासारखी करतात. बैल नसेल त्याचं भात वेळेवर लागत नाही.

मला त्या खड्ड्यात बैल दिसले त्याहून जास्त खत दिसलं. गुडघाभर! वर्षानुवर्षांचं, काळंभोर. जवळच्या खाचरात थोडं जायचं, बाकी तिथंच. टेकडीवरचं व्होलाचं रान मात्र विटेच्या भुकटीसारखं. तिनं एक कसावा उपटून दाखवला, बोटाएवढा.

आशू त्याच दिवशी आठ दिवसांच्या लसीकरणाच्या फेरीवर निघाली होती. जाताना म्हणाली, "आई, नीट ऱ्हा." नीट राहणं माझ्या स्वभावात नाही.

आमच्याकडं रानात मेंढरं बसवतात, हे बागायतदाराला सांगायला नको. धनगर आपला कळप घेऊन येतो, रात्री तुमच्या मोकळ्या रानात बसवतो, सकाळी रान लेंडीनं भरलेलं. शेतकरी त्याला धान्य देतो. वर्षात दोनदा आमच्याकडं कळप बसतो, आणि त्या रानातला कांदा वेगळाच होतो. खत डोक्यावरून वर न्यायचं कशाला? जनावरच वर नेऊन बसवा. एवढी साधी गोष्ट ह्या लोकांना सुचत नाही, म्हणजे काय!

भाषा येत नव्हती, पण हात होते. मी व्होलाला टेकडीवर नेलं, खुंट्या रोवल्या, दोर बांधला, मधे दोन दगड ठेवले आणि हंबरून दाखवलं. मग खुंट्या उपटून दहा पावलं पुढं रोवल्या. आज इथं, उद्या तिथं. व्होला हसली नाही. ती बराच वेळ रानाकडं बघत होती, मग खालच्या खड्ड्याकडं, मग बैलांकडं. मग तिनं मान हलवली.

संध्याकाळी आम्ही दोघींनी बैल वर नेले. लाकडं रोवली, काटेरी फांद्या लावून वाडगं केलं, बैल आत सोडले आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी वाडगं दहा पावलं सरकवलं. चार रात्री असं झालं. शेजारीपाजारी व्होलाकडं येऊन हातवारे करून मोठमोठ्यानं बोलत. एक म्हातारा, गावाचा कारभारी रकुतू, ज्यांना मी आबा म्हणायचे, तेही दोनदा आले. मला वाटलं, कौतुक चाललंय. मी प्रत्येकाला नमस्कार केला.

शंख

पाचव्या दिवशी पहाटे शंख वाजला. अर्धवट झोपेत मला वाटलं, जवळ कुठं आरती चालू आहे. खाली आले तर सगळे पुरुष भाले घेऊन पळत होते. तिथं शंख फुंकतात तो जनावरं चोरीला गेली की.

टेकडीवर गेले तेव्हा व्होला वाडग्याच्या मधोमध उभी होती. एका बाजूची लाकडं उपटून बाजूला ठेवलेली, अगदी नीट. आत ताजं शेण होतं. बैल नव्हते. ती रडली नाही, ओरडली नाही. खाली बसून जमिनीवरचे खुरांचे ठसे बोटानं तपासत होती, कुठल्या बाजूला गेलेत ते बघत.

पुरुष माग काढत गेले. चोरीला गेलेल्या जनावरांच्या खुरांचे ठसे ज्या गावाच्या हद्दीत जातील, त्या गावानं पुढचा माग काढायचा, असा तिथं रिवाज आहे. आमच्याकडं चोरी झाली की पोलीस पाटलाच्या नावानं हाक मारायची आणि घरी बसायचं. ही माणसं शिळा भात फडक्यात बांधून दुसऱ्याच्या बैलांमागं डोंगर चढत गेली.

बातमी कळताच आशू त्या दुपारीच आली. मी तिला सगळं सांगितलं. ती मला कधी ओरडत नाही. त्या दिवशी ओरडली.

"आई, जनावरं गावाच्या मधी खड्ड्यात का ठेवत्यात, एवढं तर इचारायचं! गुडघाभर घाणीत उभी करत्यात, ती काय हौस म्हनून? हितं टोळ्या येत्यात बैल न्यायला."

खड्ड्यात मला खत दिसलं होतं, दगडी भिंत दिसली नव्हती. ह्या बाईचं खाचर आता कोण तुडवणार? बैल गेले म्हणजे भात गेलं, आणि हिरव्या गवताचे दिवस तोंडावर आलेले. तिच्या चुलीवरचा कसावाही मीच हिसकावून घेतला, असं मला वाटायला लागलं. मी दोन वेळा जेवले नाही. आशूनं सांगितलं, इथं पाहुणीनं न जेवणं म्हणजे घराचा अपमान. तेव्हा जेवले.

संध्याकाळी मी आशूला मधे बसवलं आणि व्होलासमोर हात जोडले. म्हणाले, "माझ्यामुळं झालं. मला कळत नव्हतं आनि मी शहाणपना केला. मी भरून देते."

व्होला तांदूळ निवडत होती. हात थांबवले नाहीत.

"तुमाला म्हाईत न्हवतं," ती म्हणाली. "मला म्हाईत हुतं. चोर येत्यात ते मला लहानपनापास्नं म्हाईत हाय. रकुतूआबा सांगून गेले, शेजारी सांगून गेले. तरी मी बैल नेलं. माजं रान मेलंय, नेनी. बैल खड्ड्यात ऱ्हायलं तर बैल जगत्यात, रान मरतं. मी इचार केला आनि नेलं. तुमी सांगितलं म्हनून न्हाय. मला पटलं म्हनून."

मी म्हणाले, "पन भरपाई..."

"मी केलं ते माज्याकडंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि सुपानं तांदूळ पाखडायला लागली.

मी व्होलाला भोळी समजत होते, जिला मी भलत्या वाटेला लावलं आणि मीच बुडवलं. ती बाई डोळे उघडे ठेवून धोका पत्करत होती, आणि मी तिचं दुःखसुद्धा माझ्या नावावर लावायला निघाले होते. खजील झाले आणि त्याच वेळी तिचा असा अभिमान वाटला, जसा स्वतःच्या बहिणीचा वाटावा.

रकुतूआबांच्या अंगणात

तिसऱ्या दिवशी पुरुष परतले. पाय फुटलेले, चेहरे धुळीनं तांबडे. तांबडा बैल मिळाला होता. तो लंगडत होता, म्हणून चोरांनी टाकून दिला असावा. कबऱ्याचा माग खडकावर जाऊन संपला. चोर कोण ते कळलं नाही. व्होलानं तांबड्याच्या पायाला हात लावून बघितला, आशूनं मलम लावलं. कबऱ्याचं नाव कुणी काढलं नाही.

त्या दुपारी रकुतूआबांच्या अंगणात गाव बसलं. मला वाटलं, आता आपली हजेरी. पण आबांनी विचारलं ते वेगळंच. आशूनं मला सांगितलं, "आबा म्हनत्यात, तुमच्याकडं मानसं रानात जनावरं बसिवत्यात, मग तितं चोर न्हाईत का? लांडगं न्हाईत का?"

तेव्हाच मला कळलं की मी अर्धीच गोष्ट सांगितली होती. लग्न होऊन आल्यापासून मी शेतकऱ्याच्या बाजूनं बघत होते. सकाळी उठायचं, रान लेंडीनं भरलेलं बघायचं आणि खूश व्हायचं. रात्री त्या रानात काय असतं ते मी विसरले होते. मी! जिचं बालपण त्याच रानात गेलं.

उठून उभी राहिले. म्हणाले, "आबा, माजा बाप मेंढपाळ. आमी एकटं कधी न्हाय बसलो. सहा घरं मिळून एक वाडा, म्हंजे तळ. सगळ्यांची मेंढरं एका जागी, भवतीनं जाळं, त्याला आमी वाघर म्हंतो. चार कोपऱ्याला चार मानसं झोपायची, मधे कुत्री. आज ह्या घराची पाळी, उद्या त्या घराची. मी चौथीतनं शाळा सोडून त्या कळपामागं चाललीया. लांडगं आलं, चोर आलं, पन वाडा मोडला न्हाय. हे मी व्होलाला सांगायला पायजे हुतं. मी खताचं तेवडं सांगितलं."

आशू भाषांतर करता करता थांबली. "आई, चौथीतनं?" तिनं मला हळूच विचारलं. "हे मला कधी सांगितलं न्हाईस."

"सांग त्यांना आधी," मी म्हणाले. मेंढरांमागचे दिवस मी पोरांना सांगत नव्हते. चांगल्या शाळेत जाणाऱ्या पोरांना काय सांगायचं, आपण पावसात कांबळं पांघरून कुणाच्या बांधावर झोपायचो ते. पण त्या अंगणात बोलताना माझी मान खाली नव्हती. आमच्या ठिबकचं, शेततळ्यांचं मी तिथं पंधरा दिवस गुणगान केलं आणि कुणाला उपयोग झाला नाही. उपयोगाचं जे होतं ते माझ्या आईबापाचं होतं.

आबांनी विचारलं, "सहा घरं एकत्र ऱ्हानार, मग भांडनं व्हत न्हाईत?"

"रोज व्हत्यात, आबा," मी म्हणाले. "भांडत भांडतच ऱ्हायाचं. पन सकाळी कळप एकत्रच निघतो."

अंगण हसलं. मग बराच वेळ त्यांची आपापसात बोलाचाली झाली. एक म्हातारी सारखी जमिनीवर काठी आपटत होती. शेवटी ठरलं. पाऊस सुरू होईपर्यंत गावाची सगळी जनावरं एकत्र वर न्यायची, एकेकाच्या रानात काही रात्री. प्रत्येक घरातून एक राखणदार, शंख सोबत. ज्याचं रान, त्यानं राखणदारांना जेवू घालायचं. हे शेवटचं मी सुचवलेलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच काढलं, आणि अगदी आमच्यासारखं काढलं.

पहिलं रान कुणाचं, असं विचारून आबांनी काठी व्होलाकडं केली. तिचा बैल गेला होता, मान तिचाच. आमच्याकडं कळप एक रात्र आधी मिळावा म्हणून सख्ख्या चुलत भावांनी बोलणं टाकलेलं मी बघितलंय.

व्होला उभी राहिली. "माज्या रानात चार रात्री बसून झाल्यात," ती म्हणाली. "माजा नंबर शेवटाला. पर माजा बैल पयल्या रात्रीपास्नं येनार, आनि त्याच्यासंगं राखनीला मी येनार."

कुणीतरी म्हणालं, बाईमाणूस कशाला. व्होलानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो खाली बसला.

परतीची सकाळ

दोन दिवसांनी मी निघाले. आशू मला तानापर्यंत सोडायला येत होती. वडाप गावाबाहेरच्या वळणावर आलं, तेव्हा उजेड नुकताच झाला होता. रस्त्यालगतच्या टेकडीवर पहिलं रान होतं. राखणदार घोंगड्यांसारखी फडकी खांद्यावर टाकून उतरत होते, मागं गावाची जनावरं, शिंगांना शिंगं लागत होती. पुढं व्होला, तांबड्याचा दोर धरून. तो अजून किंचित लंगडत होता. ती जांभया देत होती.

त्या बेटाच्या जमिनीचं काय होईल, व्होलाचं खाचर एका बैलावर कसं तुडवलं जाईल, मला माहीत नाही. आशू म्हणते, शेजाऱ्याचा बैल तिच्या बैलाला जोड देणार आहे आणि ती त्या शेजाऱ्याचं खाचर लावू लागणार आहे. तात्यांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तरही माझ्याकडं नाही. धड रस्ता नाही, माती वाहून जाते, बैलसुद्धा खड्ड्यात लपवावे लागतात, मग बेटावर काहीही पिको, माणसाच्या हातात किती उरणार? पण तिथली माणसं कमी आहेत, असं आता माझ्यासमोर कुणी म्हणू नये. मी भांडेन.

मी ड्रायव्हरला थांबायला लावलं आणि खिडकीतून हाक मारली, "व्होला!" ती थांबली. आधी मागं वळून तिनं बोटानं जनावरं मोजली, शेवटच्या वासरापर्यंत. सगळी होती. मग माझ्याकडं वळून तिनं हात वर केला.